उकिरड्याशेजारची भांग

हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये भांगेच्या नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली आणि तो पालमपूर व नौणी येथील दोन विद्यापीठांकडे सोपवला. उत्तराखंडाने तंतू आणि बियांसाठीच्या लागवडीला २०१८ मध्येच वाट करून दिली होती. जम्मूतील ‘आयआयआयएम’ ही सीएसआयआरची प्रयोगशाळा चठ्ठा येथील आपल्या प्रक्षेत्रावर औषधी उपयोगासाठी याच वनस्पतीचा अभ्यास करत आहे. अशा बातम्यांच्या मागोमाग एक वाक्य हमखास येते: हे पीक पडीक जमिनीवरही येते, पाणी फारसे मागत नाही, आणि माकडे-रानडुकरे त्याच्या वाटेला जात नाहीत.

या वाक्याचा शेवटचा भाग डोंगरातल्या शेतकऱ्याला सर्वांत मोलाचा वाटला तर नवल नाही. मधल्या भागात काही तथ्य आहे. पहिला भाग मात्र तपासून पाहावा असा आहे, कारण त्यावर धोरणे उभी राहू लागली आहेत आणि तो एका चुकीच्या निरीक्षणातून आलेला आहे.

कुमाऊँ किंवा कुल्लूच्या वाटांवरून जाणाऱ्या कोणालाही भांग आपोआप उगवलेली दिसते. १८९३-९४ च्या भारतीय हेंप औषधी आयोगानेही हिमालयाच्या पायथ्याने पसरलेल्या या स्वयंभू वाढीची दखल घेतली होती. कोणी पेरले नाही, कोणी खत घातले नाही, तरी झाड पुरुषभर उंच. यावरून ‘याला कसलीही जमीन चालते’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण झाड नेमके कुठे उगवले आहे हे पाहिले की चित्र बदलते. गोठ्याच्या मागे, उकिरड्याच्या कडेला, मेंढपाळांच्या तळाच्या जागी, घराच्या सांडपाण्याच्या ओघळीत. म्हणजे जिथे शेण, मूत्र, राख आणि उष्टे-खरकटे वर्षानुवर्षे मुरले आहे तिथे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी शतकापूर्वी मध्य आशियाच्या बाजूला हेच नोंदवले होते: भांग माणसाच्या तळामागोमाग चालत आली, कारण तळावर नत्र साचत होते. ज्या जागेला आपण ‘पडीक’ म्हणतो ती गावातली सर्वांत कसदार माती असू शकते. फक्त तिच्यात कोणी काही पेरलेले नसते. उकिरड्याशेजारची भांग ही माती निकृष्ट असल्याची खूण नव्हे, गुराढोरांनी आणि माणसांनी घडवलेल्या मातीची ती खूण आहे.

येथे शब्दांचा एक घोळ निस्तरून पुढे जाणे बरे. मराठीत ‘हेंप’चे भाषांतर कधी ताग तर कधी अंबाडी असे केले जाते. या दोन्ही वेगळ्या वनस्पती आहेत. अंबाडीच्या शास्त्रीय नावात, हिबिस्कस कॅनाबिनस यात, भांगेचा पुसट उल्लेख आहे खरा, पण तो पानांच्या साधर्म्यापुरता. अंबाडीची भाजी खाणाऱ्याने कायद्याची चिंता करण्याचे कारण नाही. कायदा आहे तो भांगेच्या झाडाला. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने तिच्या लागवडीवर सर्वसाधारण बंदी घातली. मात्र कलम १४ नुसार केवळ तंतू किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक हेतूसाठी, किंवा उद्यानविद्येसाठी, सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने त्यासाठी नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. ही वाण आणि तपासणीची बाजू झाली. तिच्यावर पुष्कळ बोलले जाते. मातीवर जवळजवळ कोणी बोलत नाही.

मातीचे भौतिकशास्त्र हा विषय भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात सहसा नसतो, ही गोष्ट थोडी विचित्र आहे. राशींच्या मितींवर उभे असलेले ‘पाय प्रमेय’ या विषयाच्या विद्यार्थ्याला भेटतेच. एडगर बकिंगहॅम यांनी ते १९१४ मध्ये मांडले. त्याच बकिंगहॅम यांनी त्याआधी अमेरिकेच्या मृदा विभागात काही वर्षे काढली आणि १९०७ मध्ये मातीतील ओलाव्याच्या हालचालीवर एक पुस्तिका लिहिली, हे फारसे सांगितले जात नाही. विद्युतप्रवाह जसा विभवातील फरकामुळे वाहतो तसेच मातीतले पाणीही एका विभवातील फरकामुळे हलते, ही कल्पना त्या पुस्तिकेतली. १९३१ मध्ये लोरेन्झो रिचर्ड्स यांनी तिला समीकरणाचे रूप दिले. त्या समीकरणातली अवघड गोष्ट अशी की माती जसजशी कोरडी होते तसतशी तिची पाणी वाहून नेण्याची क्षमताही झपाट्याने घटते. तहान वाढत जाते तशी पाण्याची वाटही बंद होत जाते.

हे सारे ठरते ते कणांमधल्या पोकळ्यांवर. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या पोकळीत पाणी केशाकर्षणाने सुमारे १५ सेंटिमीटर चढते, ०.०१ मिलिमीटरच्या पोकळीत सुमारे दीड मीटर. उलट, पाणी खाली जिरायचे असेल तर मोठ्या पोकळ्या हव्यात: त्रिज्या दुप्पट झाली की एका पोकळीतून वाहणारे पाणी सोळा पट होते. ०.२ मायक्रॉनहून बारीक पोकळीत अडकलेले पाणी बहुतेक पिकांच्या मुळांना ओढून घेताच येत नाही. माती ओली असूनही झाड सुकते. चांगल्या मातीत या सर्व आकारांच्या पोकळ्या एकत्र नांदतात. मोठ्या पोकळ्यांतून पाऊस जिरतो आणि मग हवा शिरते, मधल्या पोकळ्या मुळांसाठी पाणी राखतात. पावसानंतर दोन-तीन दिवसांनी जमीन ज्या अवस्थेत येते, पायाला चिकटत नाही आणि ढेकूळ हातात सहज फुटते, तिला मराठी शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. पाठ्यपुस्तकात यासाठी जो दाबाचा आकडा दिलेला असतो त्याहून हा शब्द अधिक काही सांगतो, कारण त्यात पाणी आणि हवा दोन्ही धरलेली आहेत.

भांगेला वाफसा फार लागतो. तिचे सोटमूळ खोल जाणारे आहे. पण नांगराच्या तळाला किंवा गुरांच्या पायांखाली दबलेला कठीण थर लागला की ते आडवे वळते आणि झाड खुजे राहते. पाणी तुंबलेल्या जमिनीत कोवळी रोपे पिवळी पडून मरतात. तंतूसाठी पेरलेल्या पिकाची नत्राची भूक गहू-मक्याच्या जवळपास जाणारी आहे. आता डोंगरातल्या सोडून दिलेल्या सोपानशेताकडे पाहावे. दगडी बांध ढासळलेला, वरची बारीक माती दहा-वीस पावसाळ्यांत वाहून गेलेली, उरली ती खड्यांची भर आणि तिच्याखाली घट्ट थर. गोठा ओस, त्यामुळे शेण नाही. उत्तराखंडाच्या स्थलांतर आयोगाने २०१८ मध्ये नोंदवले की २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाली. भांगेच्या लागवडीने परत जिवंत करायच्या म्हणून ज्या जमिनी दाखवल्या जातात त्या अशा गावांच्या आहेत. उकिरड्याशेजारची माती आणि ही माती यांत पंचवीस-तीस वर्षांच्या गोठ्याचे अंतर आहे.

ते अंतर भरून काढता येते का? येते. पण किती कष्टाने, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

कुमाऊँ-गढवालात जमीन नालीत मोजतात. एक नाली म्हणजे २०० चौरस मीटर. वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरला तर ३० घनमीटर माती झाली, वजन सुमारे ३९ टन. तिच्यातील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण अवघ्या एका टक्क्याने वाढवायचे म्हटले, म्हणजे अर्ध्या टक्क्यावरून दीड टक्क्यावर न्यायचे, तर ३९० किलो कर्ब त्या मातीत टिकून राहायला हवा. ओलसर शेणखताच्या १०० किलोंत ढोबळमानाने १३ किलो कर्ब असतो. त्यातला बराच भाग जिवाणू काही वर्षांत श्वसनातून हवेत सोडतात. एक तृतीयांश मातीत राहिला असे उदारपणे धरू. तरी सुमारे ९ टन खत लागते. पाठीवरच्या टोपलीत २५ किलो मावते असे मानले तर साडेतीनशेहून अधिक खेपा. एका नालीसाठी. एका हेक्टरात अशा ५० नाल्या असतात.

गोठा शेतापासून उभ्या रेषेत १०० मीटर खाली असेल तर हे ९ टन वर चढवण्याचे निव्वळ कार्य अडीच युनिट विजेएवढे भरते. घरात एवढी वीज एका दिवसात सहज खर्च होते. पण खत विजेने चढत नाही. वाहणारी व्यक्ती ५० किलोंची असेल तर प्रत्येक खेपेत तिला स्वतःचे वजनही चढवावे लागते, आणि शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा चढण्याच्या कामी लावू शकते. हिशेब ३२ हजार किलोकॅलरीच्या आसपास जातो: दोन आठवड्यांहून अधिक दिवसांचे जेवण केवळ चढण्यात. उतरणे, पाला गोळा करणे, खत पसरणे यात धरलेलेच नाही. आणि ही वाहणारी व्यक्ती डोंगरात जवळजवळ नेहमी बाई असते, हेही समीकरणात कुठे दिसत नाही.

ती काय वाहते हेही पाहण्यासारखे आहे. या डोंगरांतली जुनी रीत अशी: बांज, म्हणजे हिमालयातला ओक, याचा पालापाचोळा रानातून आणायचा, गोठ्यात गुरांखाली अंथरायचा, मूत्र-शेणाने भिजून कुजला की शेतात न्यायचा. या रीतीत रसायनशास्त्राचा एक बारकावा आहे. नुसता सुका पाला मातीत गाडला तर त्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडे असल्याने तो कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक काही काळ उपाशी राहते. गोठ्यातून फिरून आलेल्या पाल्यात नत्राची भर पडलेली असते. तो पिकाच्या ताटातले काढून खात नाही. चीडच्या सुया या कामी बांजची बरोबरी करत नाहीत. त्या आम्लधर्मी, सावकाश कुजणाऱ्या, आणि उन्हाळ्यात वणव्याला आमंत्रण देणाऱ्या. जिथे बांज मागे हटला आणि चीड पुढे आला तिथे शेतमातीचेही नुकसान झाले आहे, पण ते कोणत्या नोंदवहीत लिहिले जात नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी: शेतात आलेला प्रत्येक भारा रानाच्या मातीतून वजा होतो. एक शेत पोसायला त्याच्या अनेक पट रान लागते. गढवालच्या बारहनाजा या मिश्रपिकात राजमा, उडीद आणि गहत, म्हणजे आपला कुळीथ, असतात ते उगीच नाही. ते नत्राचा काही भाग हवेतून आणतात आणि रानावरचा भार हलका करतात. भांगेचे एकपीक हे करणार नाही.

शॉर्टकट सुचवणारेही असतात. चिकणमाती फार घट्ट आहे, तर वाळू मिसळा. थोडी वाळू चिकणमातीत मिसळली तर मोठ्या पोकळ्या निर्माण होत नाहीत. वाळूच्या कणांमधल्या जागा चिकणमाती भरून टाकते आणि उन्हात वीट तयार होते. पोकळी कायम राखायची असेल तर कणांना एकमेकांशी सैलसर बांधून ठेवणारे काहीतरी लागते, आणि ते काम बुरशीचे धागे, बारीक मुळे, गांडुळांची विष्ठा आणि कुजणाऱ्या पाल्यातले डिंकासारखे पदार्थ करतात. तंतूने माती बांधण्याची ही युक्ती माणसाने फार पूर्वी ओळखली होती. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेचे अंश मिसळलेले असल्याचे २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दाखवून देण्यात आले. सुमारे दीड हजार वर्षे तो गिलावा टिकला, यामागे हे मिश्रणही एक कारण असावे. मात्र लेण्यातल्या गिलाव्याने जिवंत राहायचे नसते. शेतातल्या मातीत धागे दर वर्षी कुजतात आणि दर वर्षी नव्याने विणावे लागतात.

लपूनछपून केलेल्या लागवडीने माती कधीच का सुधारत नाही, याचे उत्तर बरेचसे यातच आहे. कुल्लूच्या वरच्या खोऱ्यांत पोलीस आणि वनखाते दर वर्षी भांगेची शेते उपटतात. त्यातली काही थेट रान तोडून केलेली असतात. चोरून पेरणारा दुर्गम जागा निवडतो ती वाट नसलेली म्हणून, आणि वाट नसलेल्या जागी नऊ टन खत पोचत नाही. पोचते ते हलके आणि तत्काळ परिणाम देणारे: युरिया आणि कीटकनाशके. रानाने शतकानुशतके जमवलेला काळा थर दोन-तीन हंगामांत संपवायचा आणि पुढच्या उतारावर सरकायचे. कॅलिफोर्नियाच्या राष्ट्रीय वनांत अशा शेतांचे परिणाम मोजले गेले आहेत. फिशर या मांसाहारी प्राण्याची ५८ शवे तपासली तेव्हा ४६ मध्ये उंदीर मारण्याचे विष आढळले, आणि संशोधकांनी २०१२ मध्ये त्याचा संबंध रानातल्या चोरट्या लागवडीशी जोडला. अशा शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण पुढच्या वर्षी ही जमीन आपल्या हाती असेल याची खात्री नसलेला कोणीही असाच वागेल. कायदेशीर परवानाही एका हंगामाचा आणि जमीन दोन वर्षांच्या भाडेपट्ट्याची असेल तर शेत उघड्यावर येईल, माती मात्र त्याच गतीने संपेल. सेंद्रिय कर्ब एका टक्क्याने वाढायला डोंगरात दहा-एक वर्षे सहज लागतात. कराराची मुदत त्याहून लांब नसेल तर साडेतीनशे खेपा वाहण्याचा शहाणपणा कोणी का करावा?

आणि वाहिलेल्या खेपांची नोंद तरी कुठे होते? फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्मद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. चांगली योजना आहे. पण या बारांमध्ये पोकळी कुठेच नाही. पाणी किती वेगाने जिरते, माती किती दबली आहे, ढेकूळ पाण्यात टिकते की विरघळते, यांतले काहीही नाही. नमुना वाळवून, कुटून, चाळून प्रयोगशाळेत जातो; म्हणजे रचना मोडूनच तपासणीला सुरुवात होते. अशा पत्रिकेच्या आधारे सोडलेल्या सोपानशेताला ‘लागवडयोग्य’ ठरवणे म्हणजे विटांची यादी पाहून घर राहण्याजोगे आहे असे म्हणण्यासारखे आहे.

औषधी लागवडीत आणखी एक गोष्ट ओघाने येते. भांग मातीतले कॅडमियम, शिसे, निकेल यांसारखे धातू शोषून घेते. तिच्या या गुणामुळे १९९० च्या दशकात चेर्नोबिलच्या परिसरातली दूषित जमीन साफ करण्यासाठीही तिच्यावर प्रयोग झाले. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर वर्षानुवर्षे तांबेयुक्त बुरशीनाशके फवारली गेली आहेत. जुन्या बागेची जमीन भांगेला द्यायची असेल तर तांबे आणि इतर धातू आधी मोजलेले बरे, विशेषतः पीक आजारी माणसाच्या औषधात जाणार असेल तेव्हा.

पालमपूर आणि नौणीच्या अभ्यासातून वाणांचे उत्पादन आणि टीएचसीचे आकडे येतीलच. त्यांच्या शेजारी आणखी दोन-तीन रकाने असले तर डोंगरातल्या शेतकऱ्याला त्यांचा उपयोग अधिक होईल: पेरणीपूर्वी आणि तीन वर्षांनंतर पाणी जिरण्याचा वेग, मातीची घनता, आणि एका हेक्टरासाठी किती खत कोणी किती चढून आणले.

यातले पहिले पाऊल प्रयोगशाळेशिवायही टाकता येते. बांजच्या झाडाखालचे एक ढेकूळ आणि सोडलेल्या शेतातले एक ढेकूळ, दोन्ही सुपारीएवढी, सावलीत पूर्ण वाळवायची. पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत जाळीच्या तुकड्यावर एकाच वेळी अलगद सोडायची. शेतातल्या ढेकळातून बुडबुडे निघतील आणि पाचेक मिनिटांत त्याचा गढूळ चिखल पेल्याच्या तळाशी बसेल. झाडाखालचे ढेकूळ बहुधा तासाभरानेही तसेच असेल, आणि त्याच्याभोवतीचे पाणी स्वच्छ.